जळक्या ऑइलचे अस्सल कागद

जुन्या मोटारी बांधणाऱ्या गॅरेजांत एक बखर हमखास कानावर पडते. पूर्वीच्या ऑइलमध्ये झिंक भरपूर असे. सरकारने आणि कंपन्यांनी मिळून ते काढून घेतले. तेव्हापासून नवे ऑइल जुन्या इंजिनांचे कॅम खाऊ लागले. मिस्त्री हे पोटतिडकीने सांगतो आणि त्याच्या तळहातावर खड्डा पडलेला टॅपेटही असतो. पण बखर कितीही रसाळ असली तरी अस्सल कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारायची नाही, ही राजवाड्यांनी मराठी इतिहासाला लावलेली शिस्त आहे. इंजिनाच्या इतिहासाला ती का लावू नये?

कागद भरपूर आहेत. पेटंटे आहेत, ऑइलच्या प्रतवारीची मानके आहेत, कारखान्यांची सर्व्हिस पुस्तके आहेत, पेट्रोलविषयीचे सरकारी निर्णय आहेत. सगळ्यांच्या शेवटी येतो तो प्रयोगशाळेने दिलेला, पानभर आकड्यांचा, वापरलेल्या ऑइलचा अहवाल. लोक हा शेवटचा कागदच आधी उघडतात आणि लोखंडाचा आकडा पाहून घाबरतात किंवा निर्धास्त होतात. माझे मत असे की आधीचे कागद शेजारी मांडल्याशिवाय हा अहवाल वाचताच येत नाही. ते दाखवण्यासाठी एकच इंजिन समोर ठेवतो, जॅग्वारचे एक्सके.

या इंजिनाची जन्मकथा कागदांत चांगली उतरली आहे. दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्रीवर बॉम्ब पडत होते. फोल्सहिलच्या कारखान्यात रात्री आगीवर पहारा असे. त्या पहाऱ्याच्या रात्रींत विल्यम लायन्स, विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली नव्या इंजिनाची आखणी करत बसत. हेडचे काम हॅरी वेस्लेककडे होते. ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात एक्सके १२० या गाडीत ते लोकांसमोर आले: सहा सिलिंडर, ८३ मिमी बोअर, १०६ मिमी स्ट्रोक, ३४४२ सीसी, १६० अश्वशक्ती. सात मेन बेरिंगांवर फिरणारा क्रँक, ॲल्युमिनियमचे हेड आणि डोक्यावर दोन कॅमशाफ्ट. १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हात ई-टाइप आली तेव्हा त्याच इंजिनाचा बोअर ८७ मिमी होऊन ते ३.८ लीटरचे झाले होते. आपल्या कामाची गोष्ट हेडमध्ये आहे. एक्सकेचा टॅपेट बादलीसारखा असतो, तोंड सपाट. कॅम त्या सपाट तोंडावर थेट घासत फिरतो, मध्ये रोलर नाही. मिस्त्रीची बखर नेमकी याच जागेबद्दल आहे.

आता झिंकचा कागद. गॅरेजमध्ये ज्याला नुसते झिंक म्हणतात ते झिंक डायअल्किलडायथायोफॉस्फेट, म्हणजे झेडडीडीपी. जस्त, फॉस्फरस आणि गंधक यांचे हे संयुग. युनियन ऑइल कंपनीच्या हर्बर्ट फ्रॉयलरची या घराण्यातली अमेरिकन पेटंटे डिसेंबर १९४४ मध्ये मंजूर झाली. त्या काळी या संयुगाचे काम ऑइल सडू न देणे आणि तांबे-शिशाची बेरिंगे गंजू न देणे एवढेच समजले जाई. घासणाऱ्या पोलादी पृष्ठभागावर ते एक पातळ रक्षक थर धरते, हे महत्त्व १९५० च्या दशकात उमगले. अमेरिकेत इंजिनांची ताकद वाढवण्याची शर्यत लागली होती, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक होत चालल्या होत्या, कॅम आणि टॅपेट फाटू लागले होते.

तारखा शेजारी ठेवल्या की बखरीचा पहिला खांब हलतो. एक्सके १९४८ चे आहे. म्हणजे त्याचा कॅम आणि टॅपेट आखले गेले तेव्हा झिंक झीज रोखते ही गोष्ट इंजिन बांधणाऱ्यांच्या हिशेबातच नव्हती. जुने इंजिन भरपूर झिंक गृहीत धरून बांधले होते, हे या इंजिनापुरते तरी कालविपर्यस्त आहे.

दुसरा खांब प्रमाणाचा. जनरल मोटर्सच्या ऑइलतज्ज्ञाने लिहिलेल्या एका टिपणात हा चढ नोंदला आहे. १९४० च्या दशकात ऑइलमधला या संयुगाचा फॉस्फरस ०.०३ टक्क्यांच्या आत. १९५० च्या दशकात टॅपेट वाचवण्यासाठी तो ०.०८ टक्क्यांवर, १९७० च्या दशकात ०.१२ च्या आसपास, आणि तेही झिजेसाठी नव्हे, तर तापून ऑइल दाट होऊ नये म्हणून. मग उतार लागला. फॉस्फरस धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतो, म्हणून मोटार कारखानदारांनी आणि अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने मर्यादा आणल्या. २००१ च्या एसएल प्रतीत ०.१० टक्के आणि २००४ च्या एसएम प्रतीत ०.०८ टक्के. ज्या ०.०८ ला बखर ‘झिंक काढून घेतले’ म्हणते, तो आकडा जुन्या टॅपेटांना वाचवण्यासाठी एके काळी वर नेलेलाच आकडा आहे. शिवाय एसएमची ही मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ऑइलांना होती. एक्सकेमध्ये आज लोक घालतात ते २०डब्ल्यू-५० तिच्या कक्षेतच नव्हते.

बखर पूर्ण खोटी नाही, हेही नोंदवायला हवे. नव्याने ग्राइंड केलेला कॅम पहिल्या अर्ध्या तासात फाटू शकतो, आणि तेव्हा जास्त झिंक खरोखर उपयोगी पडते. मूळ कारखान्याहून कडक स्प्रिंगा टाकून चढवलेल्या इंजिनाची गोष्टही वेगळी. शिवाय ऑइलमधली मळ धुणारी द्रव्ये त्याच पृष्ठभागासाठी झिंकशी स्पर्धा करतात, तेव्हा नुसता झिंकचा आकडा पुरता नसतो. मिस्त्रीच्या तळहातावरचा टॅपेट खरा आहे. त्याने दिलेले कारण तपासायचे आहे.

इथे अहवाल उघडू. तो बनतो कसा हे आधी पाहावे, कारण कागद कोणी, कसा लिहिला हा पहिला प्रश्न. गाडी नीट गरम होईपर्यंत चालवायची. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, ड्रेन नट सैल करायचा, पहिली धार वाहू द्यायची, कारण तिच्याबरोबर तळाचा गाळ येतो, आणि मधल्या धारेखाली स्वच्छ, कोरडी बाटली धरायची. बाटलीवर तारीख, गाडीचे किलोमीटर, या ऑइलवर झालेले किलोमीटर आणि वरून किती लीटर टाकले ते लिहायचे. शेवटचे दोन आकडे नसतील तर अहवाल म्हणजे बिनतारखेचे पत्र.

प्रयोगशाळेत ते ऑइल पातळ करून हजारो अंश तापमानाच्या आर्गॉनच्या ज्वाळेत फवारतात. प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या रंगाच्या रेषांत उजळते आणि रेषेच्या तेजावरून त्याचे प्रमाण निघते. ही विद्या मराठी वाचकाला अनोळखी नाही. १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्गावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरने हेलियम शोधला असे कोकणात सांगतात. कागद सांगतात की लॉकयर त्या वर्षी इंग्लंडातच होता. विजयदुर्गाला तो आला १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणाला. वर्णपटासारख्या काटेकोर विद्येभोवतीही बखर जमते, ती अशी. याच विद्येने १८६३ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गला एक नवा धातू सापडला. त्याची रेषा निळीच्या रंगाची, म्हणून नाव इंडियम. मुळाशी आपल्या हिंदच्या निळीचेच नाव. हा इंडियम पुढे शिशाबरोबर इंजिनाच्या बेरिंगांवरच्या मुलाम्यात जाऊन बसला.

जळक्या ऑइलमधल्या धातूंवरून इंजिनाची प्रकृती सांगण्याची रीत मोटारवाल्यांनी सुरू केली नाही. तिचा उगम अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रांदे वेस्टर्न या रेल्वेच्या प्रयोगशाळेत, १९४० च्या दशकात, डिझेल इंजिनांसाठी. १९५० च्या दशकात अमेरिकन नौदलाने ती विमानांसाठी उचलली. त्या डिझेल लोकोमोटिव्हांच्या एका प्रसिद्ध घराण्यात पिस्टनच्या पिनेच्या बेरिंगांवर चांदी असे, आणि झिंकचे संयुग चांदीला खाते. म्हणून त्या इंजिनांसाठी मुद्दाम बिनझिंकचे ऑइल बनत असे. झिंक चांगले की वाईट, हा प्रश्न समोर कोणता धातू आहे हे विचारल्याशिवाय अपुरा आहे.

अहवालात दहा लाख भागांत झिंक ११०० आणि फॉस्फरस १००० असे आकडे दिसले की मालकाला हायसे वाटते. पण ज्वाळेत संयुग जळून जाते आणि यंत्र मोजते ते नुसते अणू. झेडडीडीपी ताजे असो, अर्धे झिजलेले असो वा पार मोडून गेलेले असो, जस्ताचे अणू चेंबरमध्येच फिरत असतात आणि आकडा जवळजवळ तसाच राहतो. हजेरीपटावर नाव आहे, एवढेच त्यावरून कळते. शिपाई लढण्याच्या अवस्थेत आहे की नाही हे कळत नाही. ऑइलमध्ये दम किती उरला हे पाहायला आम्लतेचा आणि उरलेल्या क्षारशक्तीचा आकडा पाहावा लागतो.

शिशाच्या रकान्यापाशी मात्र जरा थांबायला हवे, कारण तिथे इंजिनाचा इतिहास आणि देशाचा इतिहास एकमेकांत मिसळले आहेत. बेरिंगच्या सर्वांत वरच्या थरात शिसे असते, म्हणून शिसे वाढले की बेरिंग चालले, हा आजचा सरळ अर्थ. तो एक्सकेच्या तारुण्यात लागू नव्हता. १९२३ पासून पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळत होते. भारतात चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल १ एप्रिल १९९५ ला आले आणि देशभर फक्त तेच विकायला सुरुवात झाली १ फेब्रुवारी २००० पासून. त्यापूर्वी एके काळी एका लीटरमध्ये ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे चालत असे.

हिशेब करू. ई-टाइपच्या चेंबरमध्ये साधारण साडेआठ लीटर ऑइल बसते, वजनाने साडेसात किलो धरा. लीटरला सहा किलोमीटर देणारी ही गाडी तीन हजार किलोमीटरला पाचशे लीटर पेट्रोल पिते. त्या पेट्रोलात २८० ग्रॅम शिसे. बहुतेक धुराड्यातून जाते. रिंगांवरून शंभरातला एकच भाग चेंबरमध्ये उतरला असे मानले तरी २.८ ग्रॅम, म्हणजे दहा लाख भागांत सुमारे ३७० भाग, अहवालाच्या भाषेत ३७० पीपीएम. प्रत्यक्षात त्या काळच्या पेट्रोल इंजिनांच्या जळक्या ऑइलमध्ये शिसे हजारो पीपीएम असे. आता बेरिंगकडून मोजा. सत्तर मिमी व्यासाचे, तीन सेंटिमीटर रुंद बेरिंग धरले, तर त्याच्या अर्ध्या कवचावरचा मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढ्या जाडीचा मुलामा भरतो एक ग्रॅमच्या आत. तो सगळा खरवडून ऑइलमध्ये मिसळला तरी सव्वाशे पीपीएम. त्या काळी एक मेन बेरिंग उघडे पडले असते तरी त्याचे शिसे पेट्रोलच्या शिशात कुठच्या कुठे बुडून गेले असते.

म्हणून २००० पूर्वीचा भारतातल्या गाडीचा अहवाल कुणाच्या फायलीत निघाला, तर त्यातल्या शिशाच्या आकड्याला बेरिंगचा साक्षीदार मानू नये. आणि जुन्या फायलीत शिसे ८००, नव्या फायलीत १०, म्हणून ‘इंजिन सुधारले’ असेही म्हणू नये. बदलले आहे ते पेट्रोल. आज मात्र तोच रकाना उलट फार बोलका झाला आहे: पंधरा-वीसची वाढही ऐकू येते, आणि तिच्याबरोबर तांबे आणि कथील वर आले असतील तर साक्षी एकमेकींशी जुळतात. तांबे एकटेच वर आले असेल तर ब्राँझचे बुश किंवा नवा ऑइल कूलर, असे दुसरे धागे आधी तपासावेत.

लोखंडाचा आकडा लोक सगळ्यात आधी पाहतात, आणि तो सगळ्यात जास्त फसवतो. २० पीपीएम म्हणजे साडेसात किलो ऑइलमध्ये १५० मिलिग्रॅम लोखंड. आकारमानाने तांदळाच्या एका दाण्याहून किंचित जास्त. सहा सिलिंडर, बारा कॅम, साखळ्या, गिअर, क्रँक यांनी मिळून तीन हजार किलोमीटरमध्ये एवढे दिले तर तक्रारीला जागा नाही. पण एक्सके मागच्या मेन बेरिंगापाशी ऑइल गाळण्यासाठी प्रसिद्ध आहे. गळलेले ऑइल आपल्यातले लोखंड घेऊन जाते आणि वरून टाकलेले ताजे ऑइल उरलेले पातळ करते. तीन लीटर असे गळून भरले गेले असेल तर कागदावरच्या २० चा खरा अर्थ सुमारे २४ होतो. वरून टाकलेले लीटर बाटलीवर लिहायचे ते यासाठीच.

आपल्याकडच्या गाड्यांना आणखी दोन गोष्टी लागू पडतात. पावसाळ्याचे चार महिने शेडमध्ये उभ्या गाडीच्या लायनरवर आणि कॅमवर दमट हवेत हलका गंज धरतो. दसऱ्याच्या सुमारास गाडी चालू केली की तो गंज ऑइलमध्ये येतो आणि त्या खेपेचे लोखंड चढते. पुढच्या दोन खेपांत ते उतरले तर तो पावसाळा होता, झीज नव्हती. दुसरी गोष्ट धुळीची. सिलिकॉनबरोबर ॲल्युमिनियम वर आले की पिस्टन घासला अशी शंका घेतात. पण कोकणातली तांबडी जांभ्याची धूळ लोह आणि ॲल्युमिनियम या दोन्हींनी भरलेली असते. एअर फिल्टरच्या बसकणीतून ती आत शिरली, तर तिन्ही आकडे एकदम वाढतात. इंजिन नुकतेच बांधले असेल, तर सिलिकॉन गॅस्केटच्या सीलंटमधूनही येते. फिल्टरच्या कडेवर बोट फिरवून पाहावे. धूळ लागली तर निम्मे उत्तर तिथेच.

ऑइल पातळ झाल्याची नोंद असेल तर तिथेही दोन गुन्हेगार असतात. २०डब्ल्यू-५० ची शंभर अंशावरची चिकटपणाची हद्द १६.३ सेंटिस्टोकपासून सुरू होते. अहवालात १४ दिसले तर ऑइल ४० च्या प्रतीत घसरले आहे. चिकटपणा टिकवणारी द्रव्ये चिरडली गेली असतील, किंवा ई-टाइपच्या तीन एसयू कार्बोरेटरांनी चोकवर आणि छोट्या फेऱ्यांत पेट्रोल खाली सोडले असेल. ज्वलनबिंदूचा आकडा दोघांना वेगळे करतो: तो पडला असेल तर पेट्रोल.

या कागदाची सर्वांत मोठी उणीव त्याच्या मौनात आहे. ज्वाळेत पुरते जळतात ते बारीक कण. पाच-दहा मायक्रॉनपलीकडचे कण यंत्र जवळजवळ पाहतच नाही. मंद घासण्याची झीज बारीक असते, ती नोंदली जाते. थकव्याने बेरिंगचा मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो, टॅपेटच्या तोंडाचा तुकडा निघतो, तेव्हा कण मोठे असतात आणि अहवाल स्वच्छ येतो. हा अंधार ओळखूनच व्हर्नन वेस्टकॉट आणि वुल्फगँग सायफर्ट यांनी चुंबकाने कण काचेवर उतरवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची फेरोग्राफी बसवली. त्यांचा निबंध १९७२ मध्ये ‘वेअर’ या नियतकालिकात आला.

गॅरेजमध्ये फेरोग्राफ नसतो, पण एक्सकेचा ऑइल फिल्टर डब्यात बसणारा आहे, त्यातली कागदी गुंडाळी बाहेर काढता येते. ती धारदार सुरीने कापावी, घड्या उलगडाव्यात, पांढऱ्या थाळीत स्वच्छ रॉकेलने धुवाव्यात आणि थाळी दिव्याखाली तिरकी करावी. चुंबकाला चिकटते ते पोलाद किंवा बिडाचे. न चिकटणारे, करडे, नखाने दाबल्यावर पसरणारे पापुद्रे बेरिंगचे. पिवळसर चमक ब्राँझची. लोखंड १८, शिसे ६ असा निर्धास्त करणारा अहवाल हातात असताना थाळीत करडे पापुद्रे दिसले, तर थाळीवर विश्वास ठेवावा आणि चेंबर उतरवावा.

मिस्त्रीच्या टॅपेटकडे परत येऊ. कॅम झिजतो आहे की नाही याचा एक स्वतंत्र साक्षीदार एक्सकेच्या सर्व्हिस वहीत असतो, तो म्हणजे टॅपेटचा गॅप. ३.८ ई-टाइपला इनलेटला इंचाचा चार हजारांश आणि एक्झॉस्टला सहा हजारांश. कॅम किंवा टॅपेट झिजला की गॅप वाढतो. व्हॉल्व्हची सीट आत बसली की गॅप कमी होतो, आणि ते बिनशिशाच्या पेट्रोलवर जोराने चालवलेल्या इंजिनात होऊ शकते. एकच फिलर गेज दोन वेगळ्या आजारांना दोन विरुद्ध दिशांनी दाखवते. साडेतीन सेंटिमीटर व्यासाचा एक टॅपेट मिलिमीटरचा विसावा भाग झिजला, तर जवळजवळ ०.३८ ग्रॅम लोखंड सुटते. ते सगळे बारीक असेल तर एकट्या त्या टॅपेटमुळे अहवालात ५० पीपीएमची उडी दिसेल. जाडसर असेल तर फिल्टरच्या घड्यांत सापडेल. आणि दोन्हीकडे हुकले तरी वहीत त्या व्हॉल्व्हचा गॅप इंचाच्या दोन हजारांशांनी वाढलेला असेल.

म्हणून झिंकवर दोष ठेवण्यापूर्वी मी मिस्त्रीकडे वही मागतो. बारा व्हॉल्व्ह, प्रत्येकाची मागच्या तीन सर्व्हिसची नोंद. अकरा गॅप जागच्या जागी आणि एकच वाढत गेलेला असेल, तर सगळ्यांना तेच ऑइल मिळत असताना एकालाच कमी झिंक पोचले असे म्हणता येत नाही. तिथे त्या एका टॅपेटचा कठीणपणा, त्या एका कॅमचे ग्राइंडिंग, त्याच्याकडे जाणाऱ्या ऑइलच्या वाटेतला गाळ तपासायचा. बाराही एकसारखे वाढले असतील, तर मात्र कॅम कोणाकडून ग्राइंड केला, स्प्रिंगा कोणत्या टाकल्या आणि पहिल्या अर्ध्या तासात चेंबरमध्ये कोणते ऑइल होते, त्याची बिले शोधायला बसायचे.